जुनी एमजी टीसी-टीडी घेऊन राहिले? टोकन द्यायच्या आधी गाडी अस्सल आहे का, ते या क्रमानं तपासा

जुनी दोन सीटची एमजी, म्हणजे विलायतेत बनलेली उघडी स्पोर्ट्स गाडी, विकायला निघाली की माझा फोन वाजतो, आणि दर वेळी गोष्ट तीच. भाऊ गाडी पाहून आलेले असतात, तारांची चाकं पाहून, आडवी होणारी काच पाहून पार विरघळलेले असतात, पंचवीस-पन्नास हजार टोकन देऊन मोकळे झालेले असतात, आणि मग विचारतात की "ओरिजिनल आहे का हो ही?" अरे बाप्पा, हे आधी विचारायचं होतं ना. क्रम उलटा झाला की डोळा आंधळा होतो, कारण एकदा मनानं गाडी आपली झाली की चेसिसवर (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) ग्राइंडरचे ओरखडे दिसले तरी माणूस स्वतःलाच समजावते की गंज काढला असेल.

म्हणून इथे फक्त क्रम सांगतो. आधी फोन, मग कागद, मग चेसिस, मग टेप, मग इंजिन, मग बॉडी, आणि चालवून पाहणं सगळ्यात शेवटी. मी टीसी आणि टीडी या दोनच मॉडेलवर बोलून राहिलो, कारण "ब्रिटिश साहेबाची गाडी" म्हणून जास्त करून हीच दाखवतात आणि नकलाही हिच्याच जास्त निघतात. जीपच्या चेसिसवर बॉडी चढवून, लग्नाच्या वरातीसाठी बनवलेली गाडी दहा वर्षांनी "१९४८ मॉडेल" होऊन बाजारात येते.

एक गोष्ट पहिलेच डोक्यात पक्की करा. ओरिजिनल वेगळी, रिस्टोअर केलेली वेगळी, नक्कल वेगळी. रिस्टोअर केलेल्या गाडीत पेंट नवा, सीट नवी, वायरिंग नवी असली तरी चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) कारखान्यातले असतात. नक्कलही काही पाप नाही, हौस म्हणून ठेवा, पण नकलेला नकलेचा भाव.

टप्पा १. घरी बसून, फोनवरच

पेट्रोल जाळत जायच्या आधी विकणाऱ्याकडून हे फोटो मागवा: आरसीच्या दोन्ही बाजू, चेसिस नंबरचं पंचिंग, म्हणजे लोखंडात ठोकलेले अंक (जवळून, नुसत्या पितळी पट्टीचं नाही), इंजिनवरची नंबर प्लेट, डॅशबोर्ड पूर्ण, आणि मागच्या अ‍ॅक्सलखालून घेतलेला एक फोटो. शेवटचा फोटो मागितला की अर्धे लोक तिथेच गळतात. "भाऊ तुम्ही या तर खरं, चहा घेऊ, गाडी पाहू" असं म्हणणारा माणूस वाईट असेलच असं नाही, पण फोटो आल्याशिवाय जायचं नाही.

फोटो आले की तीन गोष्टी लगेच जुळवा.

पहिली, साल. टीसी १९४५ ते १९४९ या काळातच बनली, टीडी १९४९ च्या शेवटापासून १९५३ पर्यंत, त्यानंतर १९५५ पर्यंत टीएफ. "१९३८ ची टीसी" असली गाडीच नसते. पण उलट बाजूही लक्षात ठेवा, आरसीवर १९५१ लिहिलंय आणि गाडी टीसी आहे एवढ्यावरून खोटी म्हणू नका, कधी कधी पहिल्या रजिस्ट्रेशनचं सालच मॉडेलचं साल म्हणून चढवलेलं असतं.

दुसरी, नंबरचा आकडा. टीसीचे आणि टीडीचेही चेसिस नंबर ०२५१ पासून सुरू होतात (कारखान्याचा फोन नंबर २५१ होता, म्हणून तिथून सुरुवात केली असं सांगतात). टीसी साधारण १०,००० बनल्या आणि टीडी २९,६६४. म्हणजे कोणी "टीसी १४ हजार काहीतरी" असा नंबर दाखवला तर तो कारखान्यातून आलेलाच नाही, तो कोणाच्या तरी डोक्यातून आलाय. टीडीचा नंबर ३० हजारांच्या वर गेला तर तेच.

तिसरी, स्टिअरिंग. टीसी फक्त उजव्या हाताच्या स्टिअरिंगची बनली, अमेरिकेत गेलेल्यासुद्धा. डाव्या हाताची टीसी म्हणजे नंतर कोणीतरी केलेला बदल किंवा मुळात टीसीच नाही. टीडी मात्र दोन्ही प्रकारात आली.

थांबा: या तिघांपैकी एक जरी बसलं नाही आणि विकणाऱ्याकडे सरळ उत्तर नाही, तर इथेच थांबा. "कामठीच्या कर्नलची होती", "मॅंगनीजच्या खाणीतल्या गोऱ्या मॅनेजरची होती" ही उत्तरं धरायची नाहीत. आपलं नागपूर इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची राजधानी होतं, सिव्हिल लाइन्समध्ये अशा गाड्या फिरल्याही असतील, पण म्हणून तुमच्या समोरची गाडी तीच आहे हे कशावरून?

टप्पा २. कागद, आणि इथे घाई नको

लोक आरसीवर फक्त नाव आणि नंबर वाचतात. तुम्ही खालचे रकाने वाचा. मेकरचं नाव, क्युबिक कपॅसिटी, सिलिंडर, सीटिंग, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर). टीसी आणि टीडी दोघींचं इंजिन १२५० सीसी, चार सिलिंडर, सीट दोन. आरसीवर २१९९ सीसी असेल तर तो जुन्या विलीस जीपचा कागद आहे. १४८९ असेल तर अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन टाकून तशी नोंद केलीय, किंवा कागदच अ‍ॅम्बेसेडरचा आहे. सीट पाच किंवा सहा लिहिलेल्या असतील तर मला सांगा दोन सीटच्या गाडीत ते पाच जण कुठे बसत होते. जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवताना चुका झाल्यात हे खरं आहे, रकाने रिकामे असतात, चेसिसच्या जागी इंजिन नंबर बसलेला असतो, म्हणून एका रकान्यावरून निकाल देऊ नका. पण तीन रकाने मिळून एकच वेगळी गाडी सांगत असतील तर ती टायपिंगची चूक नाही.

आता नंबरची सिरीज. एमएच-३१ सारखे नंबर १९८९ नंतरच्या पद्धतीचे. १९४८ ची गाडी आणि प्लेटवर एमएच-३१, एमएच-४० किंवा एमएच-४९ असेल तर ती नंतर कधीतरी परत नोंदवली गेलीय. दुसऱ्या राज्यातून आली असेल, एनओसी घेऊन नवा नंबर पडला असेल, होऊ शकते. पण मग आधीचा नंबर काय होता, आधीचं पुस्तक कुठे आहे, फॉर्म २८ ची एनओसी कुठे आहे? अस्सल गाडीच्या घरात सहसा एक जुनी पिवळी पडलेली आरसी बुकाची वही असते, टॅक्सच्या पावत्या असतात, वडिलांच्या नावाची इन्शुरन्सची कॉपी असते. नकलेच्या घरात कागद एकदम कोरा करकरीत आणि एकच असतो.

परिवहनच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून पाहा, चेसिस नंबरचे दिसणारे आकडे फोटोशी जुळवा, हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा, आहे का पाहा. चोरीची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय सेवेवर तपासता येते, तेही करून घ्या. खासगी गाडीची आरसी पहिली १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर म्हणजे आपण ज्याला ग्रीन टॅक्स म्हणतो तो. किती वर्षांपासून हे झालेलं नाही ते विचारा, कारण ते सगळं निस्तरणं तुमच्या गळ्यात पडणार.

मालक हयात नाही आणि गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे, हे फार कॉमन आहे. अशात आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या (फॉर्म ३१), बाकीच्या वारसांच्या संमतीच्या सह्या होऊ द्या, मग तुमचे फॉर्म २९ आणि ३०. "सगळे भाऊ एकच आहेत, टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्या घरातला तिसरा भाऊ पुण्यात असते आणि त्याला गाडी विकून राहिलेत हे माहीतच नसते.

विंटेज नोंदणीचं पण थोडक्यात. जुलै २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम आहे, नंबरमध्ये राज्याच्या कोडनंतर व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला ५,०००. गाडीच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे आणि एक समिती तपासते. म्हणजे विकणारा म्हणाला की "कागद नाहीत, पण व्हीए नंबर करून घेऊ, एजंट आहे आपला," तर विचारा की अजूनपर्यंत तुम्हीच काहून नाही केला? आणि त्या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढंच.

चेक: गाडी पाहायला निघायच्या आधी तुमच्याकडे आरसीवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी आणि आधीच्या मालकांचा क्रम एका कागदावर लिहिलेला पाहिजे. नसेल तर निघू नका.

टप्पा ३. सोबत काय न्यायचं

मीटर-इंच टेप, छोटं चुंबक (कपड्यात गुंडाळलेलं, नाहीतर पेंटवर ओरखडा आणि भांडण), चांगला टॉर्च, हाताएवढा आरसा, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, एक बारीक टोच्या, जुनी चटई. आणि एक माणूस ज्याला ही गाडी घ्यायची नाही. हा शेवटचा आयटम सगळ्यात महत्त्वाचा. माझ्यासोबत माझा लेथवाला मित्र येते, त्याला विंटेज-बिंटेजचं काडीचं कौतुक नाही, तो गाडीकडे पाहून म्हणते "वेल्डिंग कच्चं आहे" आणि पान खायला निघून जाते.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातलाच जा. दुपारी पत्र्याला हात लागत नाही, विकणारा "आत कूलरमध्ये बसू" म्हणते, आणि गाडीखाली पंधरा मिनिटं पडून पाहायचं ते राहूनच जाते. पावसाळ्यात ओल्या अंगणात गाडी पाहू नका, ओल्या पेंटवर सगळ्या लहरी लपतात.

टप्पा ४. चेसिस नंबर आणि चेसिस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बॉनेटखाली पितळी प्लेट असते, तिच्यावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, कारखान्याचं नाव सगळं छान कोरलेलं असते आणि लोक त्या प्लेटचा फोटो काढून खुश होतात. ती प्लेट पुरावा नाही. तशा कोऱ्या प्लेट नव्या विकत मिळतात, आणि चार रिव्हेट मारायला किती वेळ लागते. खरा नंबर चेसिसच्या लोखंडावर पंच केलेला असतो, समोरच्या डाव्या भागात, म्हणजे आपल्या पॅसेंजरच्या बाजूला. ऐंशी वर्षांचा रंग, ग्रीस आणि धूळ त्याच्यावर बसलेली असते, त्यामुळे सहज दिसत नाही. मालकाला विचारून घासलेटच्या फडक्यानं पुसा, पॉलिश पेपर लावू नका.

नंबर दिसला की टॉर्च सरळ मारू नका, तिरपा मारा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत चेसिस प्रिंट काढतात तसंच. कागदावर जे उमटते ते डोळ्यापेक्षा खरं असते. आता काय पाहायचं:

कारखान्यात हे अंक हातानं ठोकलेले. म्हणून थोडे वरखाली, थोडे तिरके असणं नॉर्मल आहे. इथे लोक नेमकं उलटं समजतात, एका रेषेत सुबक अंक दिसले की "वा, क्लीन पंचिंग" म्हणतात. मला सुबक अंकांचीच भीती वाटते. अंकांची खोली साधारण सारखी हवी. अंकांच्या आजूबाजूचं लोखंड बाकीच्या दांड्यापेक्षा गुळगुळीत किंवा किंचित खोलगट असेल तर तिथे ग्राइंडर फिरलाय. कागदावरच्या प्रिंटमध्ये नव्या अंकामागे जुन्या अंकाची सावली उमटली तर खेळ खलास. आणि पंचिंगच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगची लाइन असेल तर नंबराचा तुकडाच दुसऱ्या गाडीतून कापून आणून जोडलेला असू शकतो.

गंजानं नंबर गेला म्हणून आरटीओच्या परवानगीनं पुन्हा पंच केला, असंही कायदेशीर होऊ शकते. तसं असेल तर त्याचा आदेश किंवा नोंद दाखवायला सांगा. तोंडी नको.

आता खाली शिरा. टीसी आणि टीडीचा सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो आणि हा रंगानं, पॉलिशनं लपवता येत नाही. टीसीच्या चेसिसचे लांब दांडे मागच्या अ‍ॅक्सलच्या खालून जातात. टीडीचे अ‍ॅक्सलच्या वरून वळसा घेऊन जातात. समोर टीसीला सरळ आडवा अ‍ॅक्सल आणि पट्ट्याच्या स्प्रिंगा, टीडीला प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेंशन, कॉइल स्प्रिंग आणि रॅक-पिनियन (दातेरी पट्टीचं) स्टिअरिंग. वर टीसीची बॉडी आणि खाली दांडे अ‍ॅक्सलच्या वरून, असं दिसलं तर दोन गाड्यांचं लग्न लावलंय हे समजा, नाहीतर खाली भलतंच काही आहे.

थांबा: विकणारा चेसिस नंबरचा प्रिंट घेऊ देत नाही, तर चहाही न घेता निघा.

टप्पा ५. टेप लावा

हा पाच मिनिटांचा टप्पा आहे आणि मी स्वतः हाच विसरलो होतो. बाजूच्या जिल्ह्यात एक "टीसी" पाहिली, पितळी प्लेट चमकून राहिली होती, आकडा रेंजमध्ये, लाल लेदर, घरातली म्हातारी बाई गाडीची पूजा करत होती, मी हरखून पंचवीस हजार देऊन आलो. घरी येऊन रात्री झोप लागेना, दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला. ९१ इंच. टीसीचा आणि टीडीचा, दोघींचा व्हीलबेस ९४ इंच, म्हणजे ७ फूट १० इंच. तीन इंच कुठे गेले ते खाली वाकून पाहिल्यावर कळलं, सगळी गाडी एका लांब जीपच्या चेसिसवर बसवलेली होती आणि नंबराचा तुकडा वेल्ड केलेला. पंचवीस हजार गेले ते गेलेच.

तर टेप असा लावा: चाकं सरळ, जमीन सपाट, दोन्ही बाजूंनी माप. ९४ च्या आसपास एक बोट इकडे-तिकडे चालेल, त्याहून जास्त नाही. दोन्ही बाजूंत फरक असेल तर चेसिस वाकलेला आहे. छोट्या जीपचा व्हीलबेस ८० इंच, अ‍ॅम्बेसेडरचा ९७, त्यामुळे कोणाच्या पाठीवर बॉडी बसवलीय त्याचा अंदाज येतो. मग समोरच्या दोन टायरच्या मध्यांमधलं अंतर घ्या, टीसीला ते ४५ इंच. टीसी फार अरुंद गाडी आहे, मागून पाहिली तर सायकलसारखी वाटते. फोटोत गाडी रुंद, मस्त बसकी दिसत असेल तर आधीच कान टवकारा.

चाकं पण इथेच पाहून घ्या. टीसीला १९ इंची तारांची चाकं, मध्ये एकच मोठं दोन पाकळ्यांचं नट, डाव्या बाजूला सरळ आटे आणि उजव्या बाजूला उलटे आटे. नकलेत पाच बोल्टचा हब असतो आणि त्यावर ते नट नुसतं टोपीसारखं चिकटवलेलं. टीडीला कारखान्यातून १५ इंची पत्र्याच्या डिस्कची चाकं यायची, तारांची नाही, म्हणून टीडीला तारांची चाकं दिसली की ती कोणीतरी हौसेनं लावलीत. हौस वाईट नाही, फक्त "कारखान्यातूनच अशी आली" म्हणणं खोटं.

टप्पा ६. इंजिन

टीसी-टीडीच्या इंजिनाचं नाव एक्सपीएजी, आणि इंजिन नंबरही याच अक्षरांनी सुरू होतो. तो ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या आठकोनी पितळी प्लेटवर असतो. पुन्हा तेच, प्लेट निघते आणि दुसऱ्या ब्लॉकवर लागते. त्यामुळे इंजिन नंबर आरसीशी जुळला म्हणजे "मॅचिंग नंबर" (इंजिन आणि चेसिस कारखान्यातलीच जोडी) झालं असं नका समजू, आधी ब्लॉक एक्सपीएजी आहे का ते पाहा.

कसं पाहायचं? खाली वाका आणि ऑइल पॅनला, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या भांड्याला, चुंबक लावा. एक्सपीएजीचं ऑइल पॅन अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव असते, बाहेरून हवेसाठी पट्ट्या असतात. चुंबक चिकटत नाही. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाचं पॅन पत्र्याचं, चुंबक टप्पकन बसते. वरून एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर लावून, रॉकर कव्हर पॉलिश करून, आठकोनी बिल्ला चिकटवून अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन कितीही सजवा, खालून ते बोलतेच. मजा म्हणजे यांच्यानंतर आलेली एमजीए खरोखरच त्याच घराण्याचं १४८९ सीसी इंजिन घेऊन आली होती, म्हणून "अहो हे एमजीचंच इंजिन आहे" हे वाक्य अर्धं खरं असते. एमजीएसाठी खरं, टीसीसाठी नाही.

अजून एक खूण, जी मेस्त्री लोकांना चांगली समजते. एक्सपीएजीच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ पान्याच्या मापाची. म्हणजे आपला १३ चा, १४ चा पाना नीट बसत नाही आणि जुना इंग्रजी पाना बसतो. सगळीकडे १०-१३-१७ चे पाने चपखल बसून राहिले तर बोल्ट तरी बदललेत किंवा इंजिन तरी. सगळे बोल्ट ऐंशी वर्षं तेच राहतील ही अपेक्षा नाही, पण एकही जुना नाही?

चावी फिरवा, स्टार्ट करू नका. टीसीला एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असतो, तो टक-टक-टक करून थांबतो. शांतता असेल तर पंप बदललाय किंवा मेलाय. हा मोठा दोष नाही, पण प्रश्न विचारायला निमित्त मिळते.

इंजिन बदललेलं निघालं तर लगेच पळून जाऊ नका. आपल्याकडे पार्ट मिळत नव्हते तेव्हा लोकांनी गाडी चालू ठेवण्यासाठी मिळेल ते टाकलं, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्यामुळे चेसिस तरी भंगारात गेला नाही. फक्त दोन गोष्टी बघा. बदललेल्या इंजिनाची आरसीवर नोंद आहे का, कारण गाडीतला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. आणि मूळ इंजिन कुठे आहे? कधी कधी ते मागच्या खोलीत पोत्याखाली पडलेलं असते आणि विकणाऱ्याला त्याची किंमत माहीत नसते. हा प्रश्न मी नेहमी विचारतो.

टप्पा ७. बॉडी, लाकूड, डॅशबोर्ड

टीसी-टीडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा. दार मागून बिजागरीवर असते, म्हणजे पुढून उघडते. दार अर्धं उघडून हलकं वर उचला. नुसतं दार हललं तर बिजागरी, पण दारासोबत सगळा खांब हलला तर आतलं लाकूड गेलं. सीटखाली आणि दाराच्या खांबाच्या बुडाशी टोच्या हळूच दाबून पाहा, आपल्याकडे वाळवी आतून पोकळ करते आणि वरचा रंग तसाच राहतो.

आता नागपूरची गंमत अशी की बऱ्याच गाड्यांत हे लाकूड सागवानाचं निघते, लकडगंजातून आणून एखाद्या चांगल्या सुतारानं बसवलेलं. विलायतेतल्या शुद्धतावाल्यांना हे चालणार नाही. मला चालते. सागवानाला वाळवी लवकर लागत नाही आणि काम नीट केलेलं असलं तर गाडी पुढची चाळीस वर्षं उभी राहील. पण ओरिजिनल म्हणून त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. लाकूडच नाही, आत चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा आहे, असं दिसलं तर मात्र बॉडी कोणत्यातरी वर्कशॉपमध्ये नव्यानं बनलीय.

चुंबक पत्र्यावर सगळीकडे फिरवा. एखाद्या ठिकाणी पकड सैल झाली तर खाली पुट्टी. मडगार्डच्या कडा, दाराचा खालचा भाग, मागची टाकी. सगळीकडेच चिकटत नसेल तर फायबरची बॉडी.

डॅशबोर्ड हा सोपा चेक, फोटोतूनही होतो. टीसीत ड्रायव्हरच्या समोर आरपीएमचं मीटर असते आणि स्पीडोमीटर चक्क पॅसेंजरच्या समोर. विचित्र वाटते पण तसंच आहे. टीडीत दोन्ही मीटर ड्रायव्हरसमोर आले. नकला करणारे लोक शहाणपणानं स्पीडोमीटर ड्रायव्हरसमोर लावतात आणि तिथेच फसतात.

चेक: आतापर्यंत चेसिस, माप, मागच्या अ‍ॅक्सलची जागा, ऑइल पॅन आणि डॅशबोर्ड या पाच गोष्टी एकाच मॉडेलचं नाव सांगून राहिल्या का? पाचही एकच नाव घेत असतील तरच पुढे. तीन टीसी म्हणतात आणि दोन काहीतरी वेगळं, तर विकणाऱ्याला समोरासमोर विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

टप्पा ८. चालवून पाहणं

हे अस्सलपणाचं नाही, तब्येतीचं आहे, म्हणून थोडक्यात. इन्शुरन्स आणि चालू आरसी नसेल तर रस्त्यावर काढू नका, कंपाउंडमध्येच फिरवा. असेल तर सेमिनरी हिल्सचा चढ बरा, पहिला-दुसरा गिअर आणि क्लच तिथे उघडे पडतात. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर आवाज न करता बसवणारी सोय) नाही, चालत्या गाडीत टाकला तर खरखरणारच, त्यावरून भाव पाडायला जाऊ नका, विकणारा हसेल. टीसीच्या स्टिअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा जुनाच आहे, पण टीडी रॅक-पिनियनची, ती ढिली असेल तर खर्च आहे. इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ४० च्या आसपास राहायला हवं. थंड असताना सगळ्याच गाड्या ६० दाखवतात, त्यावर जाऊ नका. आणि निघायच्या आधीच फोनवर सांगा की गाडी थंडच ठेवा, मी आल्यावर स्टार्ट करू. पोहोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर काहीतरी लपवून राहिले.

टप्पा ९. टोकन, लिखापढी आणि भाव

टोकन देताना साध्या कागदावर नाही, स्टॅम्प पेपरवर लिहा. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, "विक्रेता ही गाडी एमजी टीसी, कारखान्याच्या मूळ चेसिसवर आहे असं सांगून विकत आहे" असं सरळ वाक्य, आणि ते खोटं निघाल्यास टोकन परत, एवढं तरी हवंच. चेसिस प्रिंटचा तो पेन्सिलवाला कागद त्याला जोडा आणि दोघांनी त्यावर सही करा. खरा माणूस सही करायला दोन मिनिटं लावते. खोटा माणूस "आपल्यात विश्वास पाहिजे" यावर अर्धा तास बोलते.

टोकन आणि पूर्ण पैसे यांच्यात निदान पंधरा-वीस दिवस ठेवा. या दिवसांत चेसिस आणि इंजिन नंबर अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरला (टीसी-टीडीसारख्या गाड्यांचा विभाग) ईमेलनं पाठवा, तिथे ही मॉडेलं कोळून प्यायलेली माणसं आहेत. फोटो चांगले पाठवा, प्रश्न नेमका विचारा. तुमची गाडी एमजीए किंवा त्यानंतरची असेल तर विलायतेतल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदीवरून हेरिटेज सर्टिफिकेट फी भरून मिळते, त्यात गाडी कधी बनली, कोणता रंग, कुठे पाठवली ते येते. ज्या गाडीचा मूळ रंग हिरवा निघाला आणि विकणारा "जन्मापासून लाल" म्हणत होता, तिथे बाकीच्या गोष्टीही परत विचारा.

भावाचं मी असं धरतो. किंमत मुळात चेसिसची आहे. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही अ‍ॅक्सल मूळ असतील तर बॉडी कशीही असो, बोलणी करायला बसा. इंजिन दुसरं असेल तर भाव खाली, आणि एक्सपीएजी शोधून, मागवून, बसवायचा खर्च वजा करूनच बोला. चेसिसबद्दल शंका असेल तर बाकी सगळं सोन्याचं असलं तरी नकलेचा भाव, एक रुपया जास्त नाही. पेंट, लेदर, क्रोम याचे वेगळे पैसे मी कधीच देत नाही, ते डेंटर-पेंटरचं काम आहे आणि आपल्याकडे ते चांगलं करणारी माणसं आहेत.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात चेसिस नंबरचा प्रिंट, पंचिंगचे तिरप्या उजेडातले फोटो आणि सगळे जुने कागद एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घाला, आणि ती फाइल गाडीत ठेवू नका.